खडकावरचं चांदणं रंगवणारी फॅनी

 

इतिहास म्हटला की आपण राणीची, संतांची, नाहीतर एखाद्या पुढारी बाईची गोष्ट सांगतो. आज एका चित्रकार बाईची सांगणार आहोत. तिचा देश आपल्यापासून फार लांब, पार उत्तरेला. फिनलंड त्याचं नाव. पण गोष्ट ऐकता ऐकता तुम्हाला आपल्या गोधड्या आठवतील, सातबारा आठवेल, आणि जात्यावरच्या ओव्यासुद्धा आठवतील. आम्हाला तरी आठवल्या.

रेडिओवर चित्र दाखवता येत नाही, म्हणून आधी ते डोळ्यांपुढं उभं करू. रात्र आहे. वर ढग फाटलेत आणि त्या फटीतून चंद्राचा उजेड खाली उतरतोय. खाली खडक. काळे, तपकिरी, ओबडधोबड. कुठं कुठं खडकाच्या कडेवर उजेडाची एक रेघ, बाकी अंधार. माणूस नाही, जनावर नाही, घरात दिवा नाही. जवळ जाऊन पाहिलं तर रंगाचे जाड जाड फटकारे दिसतात, घाईघाईनं भिंत सारवावी तसे. चार पावलं मागं सरकलं की त्याच फटकाऱ्यांचा खडक होतो. अशी चित्रं काढणाऱ्या बाईचं नाव फॅनी चुरबेर्ग. जन्म 1845 चा, म्हणजे सावित्रीबाईंपेक्षा ती चौदा वर्षांनी लहान.

चांदण्यातलं चित्र काढणं सोपं नसतं, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. रात्री पाणी द्यायला शेतात गेलेली बाई जाणते की चांदण्यात वाट दिसते, बांध दिसतो, पण रंग दिसत नाही. लाल लुगडं काळं दिसतं, हिरवं पीक राखाडी दिसतं. उजेड कमी झाला की आपल्या डोळ्याला रंग ओळखता येत नाहीत, फक्त उजळ आणि गडद एवढंच कळतं. मग जिथं रंगच दिसत नाहीत ते रंगानं कसं दाखवायचं? आणि अंधारात हातातल्या पाटीवरचा रंग तरी कुठं दिसतो? त्यामुळं त्या काळचे चित्रकार रात्री पाहून ठेवायचे, जमेल तेवढ्या रेघा कागदावर ओढून आणायचे, आणि दिवसा खोलीत बसून आठवणीतून रंगवायचे. चांदण्याचं चित्र म्हणजे बरंचसं आठवणीचं चित्र.

खडकाचंही तसंच. आपल्याकडचा काळा पाषाण लाव्हारसातून झाला, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी. औंढ्याच्या नागनाथाच्या मंदिरात तो कोरलेला आपण बघतो, आणि माळावर नांगराच्या फाळाला लागतो तोही तोच. फिनलंडचा खडक त्याहून कितीतरी जुना, शंभर कोटी वर्षांच्याही मागचा. बर्फाच्या युगात त्याच्यावर मैलभर जाडीचा बर्फ होता. बर्फ सरकत गेला तसा त्यानं माती खरवडून नेली आणि खडक घासून गोल केले. म्हणून तिथं जमीन कमी, खडक, पाणी आणि झाडी जास्त. हिवाळ्यात दक्षिण टोकाच्या हेलसिंकी शहरातसुद्धा दिवस जेमतेम सहा तासांचा. अशा मुलखात चंद्राच्या उजेडाला किती मोल असेल!

फॅनीच्या वेळी चांदण्याची चित्रं विकली जात होती. जर्मनीत ड्युसेलडोर्फ नावाचं शहर आहे, तिथं निसर्गचित्र शिकायला फिनलंडचे तरुण जात. त्यातला यालमार मुन्स्टरयेल्म हा चांदण्यातल्या तळ्यांसाठीच नावाजला. त्याची चित्रं शांत, गुळगुळीत. दिवाणखान्यात लावावीत अशी. फॅनीची चित्रं तशी नव्हती, आणि इथंच तिची अडचण सुरू झाली. पण त्याआधी ती चित्रकार झाली कशी, ते बघू. आम्हाला त्यातली पैशाची बाजू जास्त महत्त्वाची वाटते.

फॅनी वासा नावाच्या गावात एका डॉक्टरच्या घरी जन्मली. आई गेली तेव्हा ती बारा वर्षांची होती. पुढं घर सांभाळणं तिच्याकडं आलं. आपल्याकडं थोरलीला येतं तसंच. विशीच्या आसपास होती तेव्हा वडीलही गेले. मग ती हेलसिंकीला आली आणि खासगी शिकवणी लावून चित्र शिकू लागली. तिला शिकवणाऱ्यांत दोन बाया होत्या, त्या स्वतः चित्रकार होत्या.

आता विचार करा, आईबाप नसलेली, लग्न न झालेली मुलगी. तिचा खर्च कुणी केला? वडिलांच्या मागं तिच्या वाट्याला आलेल्या पैशानं. आणि तो पैसा तिला वापरता आला याच्यामागं एक कायदा आहे. फिनलंडमध्ये त्याआधी बाई कितीही मोठी झाली तरी तिची मालमत्ता कुणीतरी पुरुष पालक सांभाळायचा. 1864 साली कायदा बदलला आणि पंचवीस वर्षांच्या अविवाहित बाईला आपलं आपण बघायची मोकळीक मिळाली. लग्न झालेल्या बाईला मात्र नाही, तिचा कारभार नवऱ्याच्या हाती 1930 पर्यंत राहिला. फॅनीनं लग्न केलं नाही. आपल्या महाराष्ट्रात वडिलोपार्जित इस्टेटीत लेकीला मुलाइतका हक्क 1994 साली आला, साऱ्या देशात 2005 साली. कायदा आला म्हणून हक्कसोड करायला कचेरीत नेलेल्या बहिणी काही कमी झाल्या नाहीत, ते तुम्ही आम्ही जाणतो. फॅनीनं हक्कसोड केली असती तर चित्रं झाली नसती, एवढं साधं आहे.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. 1867 साली फॅनी ड्युसेलडोर्फला शिकायला गेली, तेव्हा तिच्या देशात मोठा दुष्काळ होता. 1866 ते 1868. त्या साली उन्हाळा सुरू व्हायची वेळ आली तरी तळी गोठलेलीच होती, पेरा उशिरा झाला आणि लवकर आलेल्या थंडीनं उभं पीक मारलं. अठरा-एकोणीस लाखांच्या त्या देशात भुकेनं आणि साथीनं सुमारे दीड लाख माणसं गेली. लोक पाइनच्या झाडाची आतली साल वाळवून, दळून पिठात मिसळत होते. बाया पोरं घेऊन बर्फातून गावोगाव भीक मागत फिरत होत्या. आपल्या आज्ज्या 1972 च्या दुष्काळाच्या गोष्टी सांगतात. सुकडी, मिलो, आणि रोजगार हमीच्या कामावर दिवसभर खडी फोडणं. खडकाशी आपल्या बायांची ओळख अशी हातोड्यानं झालेली आहे. फॅनी डॉक्टरची मुलगी होती, तिला हातोडा घ्यावा लागला नाही म्हणून ती कुंचला घेऊ शकली. तिचा मोठेपणा यानं कमी होत नाही. पण गोष्ट सांगताना हे गाळलं तर अर्धीच सांगितल्यासारखी होईल.

ड्युसेलडोर्फला मोठी कला अकादमी होती, पण तिथं बायांना प्रवेश नव्हता. पैसे मोजून एखाद्या चित्रकाराकडं खासगी शिकायचं, एवढीच वाट. फॅनी तशीच शिकली. पुढं पॅरिसलाही गेली. उन्हाळ्यात परत येऊन फिनलंडची झाडी, खडक, धबधबे, जाळून तयार केलेली शेतं रंगवायची. आपल्या आदिवासी भागात झाडोरा जाळून राखेत पेरायची रीत होती, तशीच तिथंही होती, आणि त्याचं चित्र तिनं 1872 साली काढलंय.

इथं आपल्याकडची एक आठवण सांगायलाच हवी. मुंबईचं सर जे. जे. कलाविद्यालय 1857 सालचं. तिथं मोठ्या पदाला पोचलेले चित्रकार महादेव विश्वनाथ धुरंधर यांची मुलगी अंबिका. तिनं 1931 साली तिथून चित्रकलेची पदविका घेतली. अशी पदविका घेणाऱ्या अगदी सुरुवातीच्या मुलींत ती होती. बाप स्वतः चित्रकार, बरोबर घेऊन फिरणारा, म्हणून दार उघडलं. तिनं पुढं ऐतिहासिक चित्रं काढली, प्रदर्शनं केली, आणि 'माझी स्मरणचित्रे' नावाचं पुस्तक लिहिलं. 2009 साली, शहाण्णव वर्षांचं आयुष्य जगून ती गेली. तिच्या वडिलांचं नाव बऱ्याच जणांना माहीत असतं, तिचं किती जणींना माहीत होतं? हात वर करा म्हटलं तर रेडिओवर आम्हाला दिसणार नाही, पण अंदाज आहे.

परत फॅनीकडं येऊ. तिची चित्रं प्रदर्शनात लागली तेव्हा टीकाकारांना ती पचली नाहीत. रंग भडक, हात रांगडा, काम अर्धवट सोडल्यासारखं, अशा तऱ्हेची टीका. बाईनं चित्र काढायचं तर फुलांचं काढावं, मुलांचं काढावं, नाजूक असावं, अशी त्या काळची समजूत. वादळी आभाळ आणि उघडे खडक हा बाईचा विषय कुणाला वाटत नव्हता. आम्हाला यात नवल वाटलं नाही. ट्रॅक्टर चालवणाऱ्या आपल्या एखादीला कसं बघतात, तेच.

1880 साली फॅनीनं चित्रं काढणं थांबवलं. वय चौतीस. हात तयार झालेला, डोळा तयार झालेला, आणि कुंचला खाली ठेवला. कुणी म्हणतं टीकेमुळं, कुणी म्हणतं नव्या कामामुळं. आम्हाला ते नवं कामच मोठं कारण वाटतं, कारण ते तिनं एक वर्ष आधीच, 1879 साली सुरू केलं होतं. तिच्या पुढाकारानं एक संस्था निघाली. 'फिनिश हस्तकलेचे मित्र' असा तिच्या नावाचा अर्थ.

फिनलंड तेव्हा रशियाच्या झारच्या अमलाखाली होता, आपला मराठवाडा निजामाखाली होता तसा. शिकलेले लोक घरात स्वीडिश बोलायचे, फॅनीचं घरही त्यातलंच. खेड्यातली माणसं फिनिश बोलायची. आपलं असं काय आहे, याचा शोध त्या काळात सुरू झाला होता. कुणी खेड्यापाड्यांतली गाणी गोळा करत होतं. फॅनीची नजर खेड्यातल्या बायांनी विणलेल्या कापडावर गेली. कारखान्याचा माल यायला लागला होता, मुली आजीचे नमुने टाकून देत होत्या. ते जुने नमुने गोळा करायचे, उतरवून ठेवायचे, त्यावरून नवं काम विणून घ्यायचं आणि प्रदर्शनात मांडायचं, असं त्या संस्थेचं काम. आपल्या शब्दांत सांगायचं तर नमुन्याची वही आणि विक्री केंद्र, दोन्ही.

त्या कापडात एक प्रकार आहे, त्याला म्हणतात रुइयू. लोकरीच्या गाठी मारून एका बाजूनं दाट लव सोडलेलं जाड पांघरूण. थंडी मरणाची, म्हणून खेड्यात बिछान्यावर आणि कोळ्यांच्या होडीत ते वापरायचे. सुरुवातीला लव आतल्या बाजूला, अंगाकडं ठेवायचे. पुढं त्यावर नक्षी यायला लागली तशी लव वर आली. लग्नातला रुइयू खास असायचा, नवरानवरी त्याच्यावर उभी राहून लग्न लागायचं. आणि बऱ्याच रुइयूंवर नावाची आद्याक्षरं आणि साल विणलेलं असतं. दोनशे वर्षांचं पांघरूण, पण कधीचं ते त्याच्यावरच लिहिलेलं.

आता आपल्या गोधडीकडं बघा. जुन्या लुगड्यांचे थर, त्यावर ओळीनं दोरा, कडेला ठिगळांची नक्षी. बाळंतिणीची वेगळी, पाहुण्यांची वेगळी. तांड्यावरच्या बंजारा बायांचं भरतकाम, आरसे आणि कवड्या लावलेलं, ते तर लांबून ओळखू येतं. पण कुठल्या गोधडीवर शिवणारीचं नाव बघितलंय? घरातल्या भांड्यांवर नावं असतात. तांब्यावर मामाचं, हंड्यावर आजोबांचं, कुणाच्या तरी स्मरणार्थ. ज्यानं विकत आणलं त्याचं नाव कोरलं जातं. जिनं हातानं केलं तिचं नाही.

फॅनीच्या संस्थेतही हा प्रश्न सुटला असं नाही. 1900 साली पॅरिसला जगाचं मोठं प्रदर्शन भरलं. फिनलंडनं तिथं आपलं वेगळं दालन उभारलं आणि त्यात या संस्थेनं विणलेला एक रुइयू होता, 'ज्वाला' नावाचा. नक्षी काढली होती आक्सेली गालेन-कालेला या मोठ्या चित्रकारानं. आजही 'ज्वाला' म्हटलं की त्याचं नाव घेतात. गाठ गाठ मारून तो विणणाऱ्या बाईचं नाव सहसा कुणी घेत नाही. फॅनी हे बघायला नव्हती. ती 1892 साली, सेहेचाळिसाव्या वर्षी गेली होती.

तिच्या चित्रांचं काय झालं? बराच काळ त्यांची कुणाला आठवण नव्हती. 1919 साली, ती जाऊन सत्तावीस वर्षं झाल्यावर, हेलसिंकीत तिच्या चित्रांचं प्रदर्शन भरलं. तोवर जगाची नजर बदलली होती. जाड फटकारे, भडक रंग, जे तिच्या वेळी चुकीचे वाटले होते, तेच आता धीटपणाचे वाटले. देशही बदलला होता. 1906 साली फिनलंडच्या बायांना मताचा आणि निवडणुकीला उभं राहायचा हक्क मिळाला होता, पुढच्याच वर्षी दोनशेच्या सभागृहात एकोणीस बाया निवडून आल्या होत्या, आणि 1917 साली देश स्वतंत्र झाला होता. आज तिची चित्रं हेलसिंकीच्या आतेनेउम या मोठ्या संग्रहालयात आहेत. ती सापडली याचं एक साधं कारण असं, की त्या चित्रांवर तिचं नाव होतं.

आपल्या महाराष्ट्रात नाव लिहून ठेवायचं एक मोठं काम झालंय, ते इथं सांगितलं पाहिजे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या दोघांनी सोबत्यांना घेऊन, गावोगाव हिंडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक लाखाच्या वर ओव्या. आणि ओवीबरोबर ती म्हणणारीचं नाव आणि गाव टिपून ठेवलं. ओवी सगळ्यांची असते, कुणा एकीची नसते, असं म्हणून नाव सोडून देता आलं असतं. त्यांनी सोडलं नाही. गिरणी आली, जातं कोपऱ्यात गेलं, पण कुठल्या गावच्या कुठल्या बाईच्या गळ्यातून ती ओवी आली ते आज वाचता येतं, काहींचा आवाजही ऐकता येतो.

हे सगळं वाचताना आमच्या भागातल्या गटांची एक गोष्ट डोक्यात होती. मागं एका प्रदर्शनात आमच्या गटांनी गोधड्या मांडल्या. एका शहरातल्या दुकानदारानं एकदम चाळीस उचलल्या, रोख पैसे दिले, आम्हीही खूश. नंतर कळलं की त्यानं त्यावर आपल्या दुकानाची पट्टी शिवली आणि तिप्पट भावानं विकल्या. भावाचं एक वेळ ठीक, व्यापार आहे. पण त्यातली एक गोधडी सत्तरीच्या एका आजींनी सहा महिने घालून शिवली होती. मधोमध सूर्यफूल, भोवती मोर. ती आता कुठं आहे, कुणाच्या पलंगावर आहे, आणि ते मोर कुणी शिवले असं तिथं कुणी विचारलं तर काय सांगतील?

तेव्हापासून गोधडीच्या एका कोपऱ्यात दोऱ्यानं नाव, गाव आणि साल घालायचं, असं ठरलं. ठरलं म्हणजे लगेच झालं नाही. बैठकीत दोन तास वाद झाला. काही जणींचं म्हणणं, अंथरायच्या वस्तूवर नाव नको, पायाखाली येतं. मग नाव उशाच्या बाजूला घालायचं ठरलं. काही जणींना लिहिता येत नाही, त्यांच्यासाठी शाळेतली नात पेन्सिलीनं अक्षर काढते आणि आजी त्यावरून दोरा घालते. आणि एकीनं विचारलं, नाव कुठलं घालू, माहेरचं का सासरचं? तिचं नावच लग्नात बदललेलं. यावर कुणालाच पटकन उत्तर देता आलं नाही. शेवटी जिला जे आपलं वाटतं ते तिनं घालावं, असं इतिवृत्तात लिहिलं. त्या बाईनं पाळण्यातलं नाव घातलं. गावात कित्येकींना ते त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

नमुन्याची वहीपण सुरू केलीय. साधी दोनशे पानी. प्रत्येक पानावर एका गोधडीचा फोटो किंवा हातानं काढलेली नक्षी, शिवणारीचं नाव, किती लुगडी लागली, किती दिवस लागले, नक्षी कुणाकडून शिकली. शेवटचा रकाना भरताना सगळ्यांत जास्त वेळ जातो. कुणाच्या आजीकडून, कुणाच्या जावेकडून, एकीनं तर ऊसतोडीला गेलेली असताना शेजारच्या कोपीतल्या बाईकडून मोर शिकलेला. त्या बाईचं गाव तिला आठवतं, नाव आठवत नाही. रकान्यात गाव लिहून नावाची जागा कोरी ठेवलीय.

तुमच्या घरात जुनी गोधडी असेल, आईची, आजीची, सासूची, तर पुढच्या बैठकीला घेऊन या. फाटकी असली तरी चालेल. ज्या तांड्यांवर जुन्या भरतकामाचे घागरे, ओढण्या पेटीत असतील, त्यांनीही आणा. मोबाईलवर फोटो काढू, नाव विचारू. शिवणारी हयात असेल तर तिलाच घेऊन आलात तर फार बरं होईल. चहा आमच्याकडं.